काका दुबईहून प्लेस्टेशन आणतोय

"मॅडम, एकच विचारायचं होतं. सहा वर्षांच्या मुलाला प्लेस्टेशन घेऊन दिलं तर चालेल का? हो की नाही, एवढंच सांगा."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला फोन. आवाजात घाई होती, आणि घाईमागं आठवडाभराची धुसफूस. दीर दुबईहून येणार होता. पुतण्याच्या सातव्या वाढदिवसाला प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आणतो, असं त्यानं व्हिडिओ कॉलवर मुलासमोरच कबूल करून टाकलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, आणू दे की. हिचा ठाम नकार. सासूबाई म्हणत होत्या, त्यापेक्षा सायकल घ्या, पाय तरी हलतील.

मुलांच्या प्रश्नांवर पालकांना सल्ला देणं हे माझं काम, पण फोनवर मी याचं उत्तर देत नाही. यंत्र कोणत्या घरात जाणार, तिथं संध्याकाळी सात वाजता कोण असतं, मूल आवडती गोष्ट सोडून कसं उठतं, हे पाहिल्याशिवाय काय सांगणार? म्हणून आईवडील आणि मुलगा, तिघांनाही ठाण्याला माझ्याकडे बोलावलं. मुलाला मी इथं चिनू म्हणते. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत.

येण्याआधी एक काम दिलं होतं. सात दिवस वहीत लिहायचं, चिनूच्या डोळ्यांसमोर पडदा कधी आणि किती वेळ होता. टीव्ही, आजीचा फोन, बाबांचा लॅपटॉप, सगळं धरून.

आई वही घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आम्ही त्याला स्क्रीनपासून लांब ठेवतो, असं मी सगळ्यांना सांगत असते हो," म्हणाली आणि वही पुढं सरकवली. सकाळी दूध पिताना वीस मिनिटं. शाळेतून आल्यावर जेवताना आजीच्या फोनवर कार्टून, पाऊण तास, कारण फोन नसला की घास गालातच राहतो. रात्री पुन्हा तेच. आणि बुधवार, शुक्रवार, शनिवार या तीन दिवसांपुढं एक ओळ होती: 'वरच्या मजल्यावर खेळायला, दीड तास.'

"वर काय खेळतो?"

आईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांच्याकडे पीएस फाइव्ह आहे, प्लेस्टेशनच. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. तो खेळतो, हा शेजारी बसून बघतो. कधीतरी रिमोट हातात मिळतो."

खेळ कोणता, तर गाड्या पळवायच्या, माणसं उडवायची, गोळ्या झाडायच्या. नाव सांगितलं तेव्हा कळलं, वेष्टनावर १८ आकडा छापलेला खेळ तो. आई गप्प झाली. मग म्हणाली, "महिनाभर रात्री दचकून उठतोय. परवा मला विचारलं, आई, माणसाचं रक्त किती वेळात संपतं? मला वाटलं शाळेत काहीतरी ऐकलं असेल."

घरी कन्सोल, म्हणजे हे खेळायचं यंत्र, आणावा की नाही यावर वाद चालला होता, आणि कन्सोल तर मुलाच्या आयुष्यात कधीच येऊन बसला होता. एक जिना वर, घरच्या कुणाचीही नजर नसलेल्या खोलीत. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. 'आमच्याकडे नाही' म्हटलं की आपल्याला वाटतं विषय संपला. म्हणून पहिलं काम ठरलं वरच्या मजल्यावर जाऊन बोलायचं. भांडायला नाही, नुसतं सांगायला: आमचा लहान आहे, तो आला की तो खेळ लावू नका, जमणार नसेल तर खाली पाठवा. वडील गेले. वरच्या आईला, आपला मुलगा काय खेळतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या आकड्याबद्दल पालकांचा फार गोंधळ असतो, म्हणून थोडं सांगते. कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य, ते ठरवणाऱ्या व्यवस्था असतात. युरोपातलं पेगी ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे देतं. अमेरिकेतलं ईएसआरबी अक्षरं देतं: ई म्हणजे सगळ्यांसाठी, ई१०+ म्हणजे दहा वर्षांवरच्यांसाठी, टी म्हणजे किशोरवयीनांसाठी, एम म्हणजे सतरा वर्षांवरच्यांसाठी. वेष्टनाच्या पुढच्या बाजूलाच कोपऱ्यात चौकट असते. पुष्कळ आईबाबा हा आकडा खेळ किती अवघड आहे ते सांगतो असं समजतात. "आमचा हुशार आहे, त्याला बारावाला सहज जमतो," असं मला अभिमानानं सांगितलं गेलं आहे. तो आकडा अवघडपणाचा नाही. आत काय दाखवलंय त्याचा आहे: मारामारी, रक्त, शिव्या, भीती. आणि आकडा लहान असला म्हणजे सगळं निर्धास्त, असंही नाही. फुटबॉलच्या काही खेळांवर ३ छापलेलं आहे, पण आत पैसे देऊन खेळाडूंची पाकिटं घ्यायची सोय असते, आणि पाकिटात काय निघेल ते नशिबावर. अनोळखी माणसांशी बोलायची सोयही या आकड्यात धरलेली असेलच असं नाही.

आता चिनूकडं येते. मोठ्यांशी बोलून झाल्यावर मी त्याच्याबरोबर सापशिडी मांडून बसले. सहा वर्षांचं मूल मला पाच मिनिटांत जे सांगतं ते आईबाप तासभरात सांगू शकत नाहीत. त्यानं लाल सोंगटी घेतली, मला हिरवी दिली. सत्त्याऐंशीपर्यंत झकास चाललं होतं. मग साप चावला आणि लाल सोंगटी थेट खाली. तो रडला नाही, पट उधळला नाही. फासा हातात धरून बसून राहिला. "आपण आता दोनच डाव खेळायचे," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. दोन्ही डाव मीच जिंकले, मुद्दाम नाही, फासाच तसा पडत गेला. आवरायची वेळ झाली तेव्हा सगळं त्यानं नीट डब्यात भरलं, चप्पल घातली, मला टाटा केला.

ते गेल्यावर डबा उघडला तर लाल सोंगटी नव्हती. तेवढ्यात आईचा फोन, रिक्षातूनच. "मॅडम, याच्या मुठीत तुमची सोंगटी आहे. उघडतच नाहीये मूठ."

ती मूठ माझ्या दृष्टीनं त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची नोंद. मूल वाईट नाही, हट्टीही नाही. हरल्यावर उठायचं कसं, हेच त्याला अजून येत नाही. या वयात ते येणं अपेक्षितही नसतं. मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. आणि आजचे बरेच खेळ असे रचलेले असतात की त्यांना शेवटच नाही. एक पातळी संपली की दुसरी तिथंच उघडते. अशा खेळासमोर या मुलाला एकट्याला बसवलं की रोज संध्याकाळी घरात रडारड ठरलेली, आणि मग 'व्यसन लागलं' म्हणत पालक माझ्याकडे येणार. हा शब्द सहा वर्षांच्या मुलाला लावू नका, असं मी कळकळीनं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे हे खरं, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, एवढं सगळं लागतं. टीव्ही बंद केल्यावर भोकाड पसरणं म्हणजे तो आजार नव्हे.

दुसऱ्या भेटीत मी वडिलांनाच विचारलं, "तुम्हाला का हवाय हो कन्सोल?"

आधी म्हणाले, भाऊ एवढ्या हौसेनं आणतोय. मग म्हणाले, मुलं मागं पडतात. मग थोडं थांबून, हसत, साताऱ्याच्या आजोळाबद्दल बोलायला लागले. मामानं आणलेला टीव्ही गेम, '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट, चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. दोन रिमोट आणि पाच मावस-मामेभावंडं. "एक लाइफ गेली की दुसऱ्याला द्यायचा, असा नियम होता. दिला नाही तर मोठी ताई पाठीत धपाटा घालायची."

मी म्हटलं, "तुम्हाला खेळ आठवतोय की भावंडं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. पण त्या नियमात सगळं होतं. पाच जणांत दोन रिमोट असले की पाळी संपते, रिमोट हातातून जातो, आणि दुसऱ्याचं बघत बसावं लागतं. उठायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पाठीमागं बसलेल्या भावंडांनी शिकवलं होतं. चिनूच्या पाठीमागं कुणी नाही. एकुलता एक, आठव्या मजल्यावर, आईबाबा साडेसातला घरी.

म्हणून आमचं जे ठरलं ते असं. वाढदिवसाला कन्सोल नाही. काकाला वडिलांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि मुलालाही त्यांनीच सांगितलं. आईवर ढकललं नाही, याचं मला फार बरं वाटलं. सायकल आली. मधल्या चार महिन्यांत जेवणातला फोन सोडवायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं आहे की २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि ५ ते १० वर्षांत दोन तासांच्या आत. चिनूचा दोन तासांचा घडा वरच्या मजल्याशिवायच भरत आला होता. नवीन काही आणायचं तर आधी जुनं काढायला हवं. आजीनं पहिले आठ दिवस फार त्रास काढला. मग तिनंच युक्ती काढली, जेवताना तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, घास थांबला की गोष्टही थांबवायची.

कन्सोल आला तो मे महिन्यात, साताऱ्याची दोन भाचरं सुट्टीला आली तेव्हा. प्लेस्टेशन नव्हे, निन्टेन्डो कंपनीचा स्विच. या वयाला माझं मत तिकडं झुकतं, कारण त्याचे दोन छोटे कंट्रोलर, म्हणजे खेळायचे रिमोट, सुटे होऊन दोघांच्या हातात देता येतात आणि लहानांना जमणारे खेळ त्यावर पुष्कळ आहेत. तरी हा नियम नाही. प्लेस्टेशनवरही मुलाचं वेगळं खातं काढून वय, खर्च आणि बोलणं यांवर मर्यादा घालता येतात, तिथंही लहानांचे खेळ मिळतात. (घरात दोनतीन वर्षांचं भावंड असेल तर एक लक्षात असू द्या: स्विचच्या खेळाचं कार्ड टपाल तिकिटाएवढं लहान असतं. कुणी तोंडात घालू नये म्हणून कंपनीनं त्याला अतिशय कडू लेप दिला आहे, पण ते उंच कपाटात ठेवणंच बरं.)

यंत्र चिनूचं नाही, घरचं. हॉलमधल्या टीव्हीला जोडलेलं, झोपायच्या खोलीत कधीच नाही. मिनिटांऐवजी फेऱ्या मोजायच्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'अजून दहा मिनिटं' म्हणजे काय ते कळत नाही, 'अजून दोन शर्यती' लगेच कळतं. मारिओ कार्ट या गाड्यांच्या खेळातली एक शर्यत दोनतीन मिनिटांत आटपते, आणि गाडी रस्त्यावरून घसरू नये म्हणून लहानांसाठी आधाराची सोयही त्यात आहे. चार शर्यतींचा एक चषक, दिवसाला दोन चषक, दोघांत मिळून. फोनवरच्या अॅपमधून वेळ संपताच यंत्र आपोआप बंद करता येतं, पण सुरुवातीला मी ते करू देत नाही. शर्यत रंगात असताना पडदा बंद पडला की मूल चिडतं, आणि उठायला मात्र शिकत नाही. कुलूप लावा ते वयाच्या मर्यादेला आणि पैशांना. वेळेसाठी शेजारी माणूस लागतो.

तो माणूस नसेल तर मी स्पष्ट 'आत्ता नको' म्हणते. एका साडेचार वर्षांच्या मुलीच्या घरी म्हटलं होतं. वडील पाळीत, आई दिवसभर शिलाईवर, कन्सोल हवा होता तो पोरीला गुंतवून ठेवायला. त्यांची अडचण खरी होती, पण पोर आधीच फार कमी बोलत होती. तिला यंत्रापेक्षा सोसायटीतल्या बालवाडीची गरज होती, आणि ती मिळाली. मुलाला कधी फिट आली असेल तरीही आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. लखलखत्या चित्रांचा इशारा प्रत्येक कन्सोलबरोबरच्या पुस्तिकेत असतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत.

चिनू तिसऱ्या भेटीला आला तेव्हा आल्या आल्या खिशातून लाल सोंगटी काढून त्यानं पटावर ठेवली, एक नंबरच्या घरात. काही बोलला नाही. मीही विचारलं नाही, फासा त्याच्याकडं सरकवला.

जुलैत आईचा फोन आला. भाचरं परत गेली होती, पाऊस लागला होता, खाली खेळायला जाता येत नव्हतं. "बाबा शेजारी असले की दोन चषकांनंतर उठतो. कंट्रोलर स्वतः खणात ठेवतो. पण शुक्रवारी त्यांना यायला उशीर झाला, आजीला फेऱ्या मोजता येत नाहीत, आणि तो सव्वा तास खेळला. बंद केलं तर सोफ्यावर डोकं आपटून घेतलं. आमचं चुकलं का, मॅडम?"

चुकलं नाही, म्हटलं. बाबा नसतील त्या दिवशी यंत्रही नाही, एवढं कॅलेंडरवर लिहा, म्हणजे त्यालाही आधी कळेल.

"आणि अजून एक. दीर दिवाळीला येतोय. आता तरी प्लेस्टेशन आणू का, विचारतोय."

"ती वही आहे ना तुमच्याकडे?" मी म्हटलं. "पुन्हा सात दिवस लिहा. मग तिघंही या."