सगळ्या शेतकऱ्यांना सारखा भाव मिळावा म्हणून खुला बाजार बंद करावा का?
नको. हमीभाव देणं वेगळं, दुसरीकडे विकायला बंदी घालणं वेगळं. गल्लत इथेच होते. महाराष्ट्राची १९७२ मध्ये सुरू झालेली, आता बंद पडलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना घ्या. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, पैसे हप्त्याहप्त्याने. बाहेर भाव चढला की विदर्भातला माल चोरवाटेने परराज्यात. पडला की तिकडचा कापूस इथल्या काट्यावर. चढ्या भावाचा माल निसटायचा, पडत्या भावाचा गळ्यात पडायचा, तोटा तिजोरीला. आणि चोरवाट कोणाला जमणार? गाडी आणि ओळख असलेल्याला. स्वातंत्र्य गेलंच, समताही नाही (यात नवल नाही म्हणा). किमान भावाची हमी ठेवावी, पण जास्त देणाऱ्याला विकायची मुभा हवीच.