ग्रीसला पहिल्यांदाच जाताय? मग दोन बेटं पुरे

तुमचा बेत वाचला. मेअखेरीस दहा रात्री, तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या घरातले आईबाबा. अथेन्स, मिकोनोस, सॅन्टोरिनी, क्रीट, रोड्स आणि परत अथेन्स. आई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांचे गुडघे कुरकुरतात. व्हिसा, जेवण, पैसे आणि चालणं, या चार गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण आधी बेताला कात्री लावते: मिकोनोस, क्रीट आणि रोड्स काढून टाका.

नकाशावर ही बेटं हाकेच्या अंतरावर वाटतात, प्रत्यक्षात तसं नाही. रोड्स जवळपास तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून आहे. अथेन्सच्या बंदरातून, म्हणजे पिरेयसहून, बोटीने जायचं तर रात्र जाऊन दुसरा दिवसही बराच खर्ची पडतो. क्रीट हे बेट कसलं, छोटा देशच आहे. पूर्व-पश्चिम साधारण 260 किलोमीटर. दोन रात्रींत हेराक्लिऑन शहर आणि क्नोसोसचा प्राचीन राजवाडा बघून परत फिराल आणि 'क्रीट काही खास नाही' असं सांगत सुटाल. आणि बेट बदलायचं म्हणजे एक दिवस जातोच. अकराला खोली सोडा, बंदरावर बसा, बोट उशिरा येणार, पलीकडे पोचून पुन्हा चावीसाठी थांबा. आईबाबांना घेऊन हे पाचदा करू नका.

मी सुचवीन ते असं: अथेन्स तीन रात्री, नाक्सोस तीन, सॅन्टोरिनी तीन आणि शेवटची रात्र पुन्हा अथेन्स. त्या शेवटच्या रात्रीवर काट मारू नका. ग्रीसमध्ये वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदर अधिकारी बोटी सोडतच नाहीत. मोठ्या बोटींना साधारण बोफर्ट 8 ला (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) बंदी येते, कॅटामरान, म्हणजे जुळ्या सांगाड्याच्या वेगवान बोटी, त्याच्या बऱ्याच आधी थांबतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस वाहतो, पण मे महिन्यातही एखादा दिवस असा निघू शकतो. भर म्हणून संप असतात. ते बहुधा आधी जाहीर होतात, पण तुमच्या तारखा बघून होत नाहीत. बेटावरून सकाळी निघून त्याच संध्याकाळी मुंबईचं विमान पकडायचा बेत करणारी माणसं दर मोसमात भेटतात. सॅन्टोरिनीहून परतताना विमानाने या. पाऊण तासात अथेन्स.

बोट मोठीच घ्या. वेगवान बोटीत तासभर वाचतो, कधी त्याहून जास्त, पण बंद खोलीत बसावं लागतं, लाटेवर ती आपटत जाते आणि तिकीट महाग. मोठी बोट पिरेयसहून नाक्सोसला साडेपाच तासांच्या आसपास घेते. डेकवर ऊन खात, कॉफी पीत वेळ बरा जातो. सायक्लेड्सच्या (नाक्सोस, सॅन्टोरिनी ज्यात येतात तो बेटांचा समूह) बऱ्याचशा बोटी मेट्रो स्टेशनच्या समोरच्या ई7 किंवा त्याच्या शेजारच्या गेटवरून सुटतात, तरी तिकिटावरचा गेट क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा बघा. बंदर अवाढव्य आहे, चुकीच्या टोकाला उतरलात तर बॅगा ओढत पळावं लागेल.

चढण्या-उतरण्याची रीत आईबाबांना आधीच समजावून ठेवा, कारण पहिल्यांदा बघणारा गांगरतो. बोटीचा मागचा अख्खा दरवाजा साखळ्या खडखडवत खाली येतो आणि माणसं, मोटारसायकली, टेम्पो, ट्रक सगळे त्याच उतारावरून आत शिरतात. आत डिझेलचा वास, ओली लोखंडी जमीन आणि शिट्ट्या मारून वाहनं लावून घेणारे खलाशी. बाजूला सामानाची मांडणी असते, त्यावर बेटांची नावं लिहिलेली. मोठी बॅग नाक्सोसच्या कप्प्यात ठेवायची आणि पासपोर्ट, औषधं, पैसे खांद्यावरच्या पिशवीत घेऊन वर जायचं. बऱ्याच मोठ्या बोटींवर सरकता जिना असतो. उतरताना मात्र सावध. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच टेकते. घोषणा झाली की लगेच खाली या आणि बाबांना कठड्याच्या बाजूने उभं करा. दरवाजा पुरता टेकायच्या आतच गर्दी पुढे सरकायला लागते. बोट लागणाऱ्यांनी अव्होमिन निघायच्या आधीच घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. पण आईबाबांच्या इतर गोळ्यांबरोबर ती चालेल का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

मिकोनोसऐवजी नाक्सोस का? मिकोनोस पार्टीवाल्यांचं, वाऱ्याचं आणि भयंकर महाग. नाक्सोसला गावातच आगिओस येओर्गिओसचा वाळूचा किनारा आहे, सपाट आणि उथळ. हॉटेलातून चपला घालून आईबाबा चालत जातील. सायक्लेड्समधलं हे सगळ्यात मोठं बेट. इथं शेती होते, इथले बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत, त्यामुळे खाणावळीत भाजी नावाची वस्तू ताटात खरोखर असते. संध्याकाळी पोर्ताराला जा. अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, ते अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलं, उरली ती संगमरवराची एक प्रचंड चौकट. तिथं जाणाऱ्या बांधावर वारा असला की लाटांचे फवारे येतात, तेव्हा बाबांचा हात धरा. एक दिवस बसने किंवा टॅक्सीने हाल्की आणि अपीरान्थोस ही डोंगरातली गावं करा. तिथं कट्ट्यावर बसून म्हातारे काय करतात ते बघत बसणं हाच कार्यक्रम.

सॅन्टोरिनीबद्दल स्पष्ट सांगते. कडा अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण फोटोत दिसणाऱ्या पांढऱ्या गुहाहॉटेलांत पोचायला कड्यावरून पायऱ्या उतराव्या लागतात, कधी शंभरच्या घरात. बुक करायच्या आधी हॉटेलला एकच प्रश्न विचारा: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? उत्तर टाळलं तर दुसरं बघा. तुमच्यासाठी कामारी किंवा पेरिसा बरं. काळ्या वाळूचा किनारा, सपाट रस्ता, कड्यावरच्या भावाच्या मानाने स्वस्त, आणि फिरा या बेटाच्या मुख्य गावाला बस जाते. इया गावच्या सूर्यास्ताला खांद्याला खांदा लागतो. तोच सूर्य इमेरोविग्लीहून किंवा पिर्गोसच्या टेकडीवरून निवांत मावळताना दिसतो. आक्रोतिरी मात्र चुकवू नका. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गाडलेलं गाव, वर छप्पर आणि फिरायला बांधलेली वाट, त्यामुळे ऊनही नाही आणि चढही फारसा नाही. फिराच्या जुन्या बंदरावरून वर यायला गाढवं मिळतात. त्या बिचाऱ्यांवर बसू नका. केबल कार आहे. 2025 च्या सुरुवातीला इथं आठवडेच्या आठवडे भूकंपाचे धक्के बसले होते, बरेच लोक बेट सोडून गेले होते. मग ते थांबले. प्रवास विमा घेताना एवढं लक्षात असू द्या.

अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट प्रवेशाच्या ठरावीक वेळेसह सरकारी संकेतस्थळावरच काढा. एप्रिल 2025 पासून ते 30 युरो आहे, आणि जुनं अनेक स्थळांचं एकत्र तिकीट बंद झालंय, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले हिशोब धरू नका. सकाळी आठची वेळ घ्या. प्राचीन देवळांच्या या टेकडीवरचा संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालाय. चामड्याच्या तळव्याचे बूट घातलेला माणूस तिथं घसरणारच. बाबांना रबरी तळव्याचे बूट द्या. चालायला त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, तिची चौकशी आधी करून ठेवा. दुपारी खालच्या संग्रहालयात जा, वातानुकूलित आहे आणि बसायला जागा आहे. राहायला कूकाकी किंवा सिंटाग्माच्या आसपास. मेट्रोत, विशेषतः मोनास्तिराकी आणि ओमोनियाला, पाकीटमार सराईत आहेत; मुंबई लोकलची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको, पर्स पुढे.

आता आईंचं जेवण. इथं तुम्ही उगाच घाबरला आहात. ग्रीक लोकांचे धार्मिक उपास इतके असतात की मांस, दूध, अंडी वगळून केलेले पदार्थ घराघरांत होतात. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचं. पण त्यात कोळंबी, कालवं चालतात, म्हणून विचारून घ्या. सॅन्टोरिनीची फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल. ब्रिआम म्हणजे भाजलेली मिश्र भाजी. होर्ता म्हणजे लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी. भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, म्हणजे येमिस्ता, आणि द्राक्षाच्या पानांचे दोल्मादाकिया हे दोन्ही कधी खिम्याचे असतात, कधी नुसत्या भाताचे, दरवेळी विचारायचं. वांग्याचा मुसाका म्हणजे खिमा, तो नाहीच. बेकरीत पालकाचं सारण भरलेली पापुद्र्यांची 'पाय' (pie) मिळते, त्या सारणात अंडं असू शकतं. आणि आई रेनेटबाबतही (दूध विरजायला वापरतात तो वासराच्या वगैरे जठरातला रस) काटेकोर असतील तर इथलं पारंपरिक चीज, फेटा धरून, त्यांना चालणार नाही. जेवणाआधी न मागता पाव येतो, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही.

घरून थेपले, मेतकूट, चटण्या, पोह्या-उपम्याची पाकिटं न्या. पण तूप, पेढे, श्रीखंड नको. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. मे महिना आहे म्हणून सांगते, हापूसही नको; ताज्या आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि विमानतळावर पेटी कचऱ्यात जाताना बघवत नाही. फारच आठवण आली तर अथेन्सला ओमोनियाच्या मागे मेनांद्रू रस्त्यावर बांगलादेशी-पाकिस्तानी किराणा दुकानं आहेत, डाळ-तांदूळ सगळं मिळतं. दिवसाउजेडी जा.

व्हिसाचं फार नाही. शेंगेन, फी 90 युरो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनसाठी भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून लवकर करा. बुकिंगं रद्द करता येतील अशीच ठेवा. बेटांच्या बोटींची तिकिटं मात्र व्हिसा आला की लगेच काढा, कारण मेअखेर ते जून या दरम्यान पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारची सुट्टी येते आणि अख्खं अथेन्स बेटांकडे धावतं.

पैशांत एकच काळजी. कार्ड यंत्र 'रुपयांत घेऊ का' असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, युरोच निवडा. पर्यटकांच्या गल्लीतली सुटी एटीएम टाळून बँकेच्या दारातलं एटीएम वापरा. हॉटेलात हवामान कर वेगळा द्यावा लागतो, उन्हाळ्यात खोलीमागे रात्रीला दोन ते पंधरा युरो, ताऱ्यांप्रमाणे. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा नसतो. गाडी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, बेटांवर ती कमी असतात. चारचाकी बाइकच्या मोहात मात्र सॅन्टोरिनीच्या रस्त्यांवर पडू नका.

समुद्राचं पाणी मेअखेरीस गार असतं, कोकणच्या हिशोबाने फारच गार. भरती-ओहोटी जवळपास जाणवत नाही, त्यामुळे पाणी किती मागे जाईल हा विचार करावा लागत नाही, पण बऱ्याच किनाऱ्यांवर गोटे आणि खडकांत समुद्री साळिंदराचे काटे असतात, रबरी चपला घालूनच उतरा. कोणी दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार करत असेल तर ऑक्टोबर संपता संपता छोट्या बेटांवरची हॉटेलं बंद होतात, बोटी कमी होतात. तेव्हा अथेन्स, नाफ्प्लिओ, डेल्फी असं जमिनीवरचं करावं, छान होतं.

राहिलं ते न्हाणीघर, ज्याबद्दल कोणी विचारत नाही आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना अडतं. ड्रेनेजच्या नळ्या अरुंद, म्हणून कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा, पाटी असतेच. जेट नसतो. बॅगेत एक प्लास्टिकचा मग ठेवा. अथेन्सचं नळाचं पाणी बिनधास्त प्या, पण सॅन्टोरिनीसारख्या बेटांवर बाटलीचंच.

तारखा पक्क्या झाल्या की इथं टाका, त्या दिवसांच्या बोटींच्या वेळा बघून क्रम उलटा करायचा का ते सांगते. कधी कधी आधी सॅन्टोरिनी आणि मग नाक्सोस असं केलं की दुपारची बोट मिळते आणि आईबाबांची सकाळची धावपळ वाचते. तसं केलंत तर नाक्सोसहून अथेन्सला येणारी विमानं छोटी असतात, सामानाची मर्यादा आधी बघा.