एक ऑर्डर एकाच वर्करकडे जायला हवी, तरी आंब्याच्या दोन पेट्या का भरल्या जातात?

तुमची मांडणी अशी आहे: देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये तीन संगणक, प्रत्येकावर एक वर्कर (रांगेतलं काम उचलून करणारा प्रोग्रॅम). वेबसाइटवर हापूसची ऑर्डर आली की क्लाउडवरच्या रॅबिटएमक्यूत (संदेश रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवून वाटणारा ब्रोकर) संदेश पडतो आणि तिघांपैकी एकाने तो उचलून पेटीची चिठ्ठी छापायची. पण कधी तिन्हीकडे चिठ्ठी निघते, तर लाइट किंवा नेट गेलं की दोनदा निघते. 'एकालाच आणि एकदाच' यासाठी कोणती सेटिंग, असं तुम्ही विचारलंय.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'एकालाच' हे ब्रोकर चोख करतो. 'एकदाच' मात्र तुमच्या डेटाबेसलाच सांभाळावं लागतं.

आधी तिन्हीकडे जाण्याचं बघू, ते सोपं आहे. रॅबिटएमक्यूच्या व्यवस्थापन पानावर (पोर्ट १५६७२) क्यूंची यादी उघडा. तिथे 'एएमक्यू.जेन' ने सुरू होणाऱ्या तीन क्यू दिसल्या, तर प्रत्येक वर्कर सुरू होताना स्वतःची वेगळी क्यू बनवतोय आणि तिन्ही एका फॅनआउट एक्स्चेंजला (आलेला संदेश क्यूंत वाटणारा ब्रोकरचा भाग) बांधलेल्या आहेत. फॅनआउट म्हणजे बांधलेल्या प्रत्येक क्यूला एक प्रत. उपाय एवढाच: ठरावीक नावाची एकच टिकाऊ (ब्रोकर पुन्हा सुरू झाला तरी राहणारी) क्यू करा, समजा 'पेटी-भरणी', आणि तिन्ही वर्कर तिच्यावरच बसवा. मग ब्रोकर एक संदेश एका वेळी एकाच्याच हातात देतो. पुढे मालवणला दुसरं शेड निघालं तर त्याची क्यू वेगळी करा आणि फॅनआउटऐवजी डायरेक्ट एक्स्चेंज घेऊन राउटिंग कीने (संदेशावरचा पत्ता) ऑर्डर तिकडे वळवा. एकाच क्यूतून उचलून 'हा माझा नाही' म्हणत परत टाकणारा वर्कर कधीच लिहू नका, तोच संदेश सेकंदाला शेकडो वेळा गरगरत राहतो.

आता खरं दुखणं. वर्करने काम झाल्यावर ब्रोकरला पोचपावती द्यायची असते, तोवर संदेश ब्रोकरच्या वहीत 'दिलाय, पण पावती नाही' असा उभा राहतो. समजा चिठ्ठी छापली आणि पोचपावती जायच्या आत नेट गेलं. ब्रोकरला जोडणी तुटलेली कळते ती हार्टबीट, म्हणजे 'जिवंत आहे' असा अधूनमधून जाणारा इशारा, चुकल्यावर (सहसा ६० सेकंदांची मर्यादा असते), मग तो संदेश पुन्हा रांगेत लावतो आणि दुसरा वर्कर तो प्रामाणिकपणे छापतो. ब्रोकरची यात चूक नाही. काम होऊन पावती हरवली की काम होण्याआधीच वर्कर बंद पडला, हे तारेच्या पलीकडून ओळखताच येत नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९७८ साली 'दोन सेनापतींचा पेच' हे नाव दिलं (निरोप वाटेत हरवू शकत असताना दोघांनी खात्रीने एकमत कसं करायचं) तो याच जातीचा प्रश्न, आणि कितीही पावत्या वाढवल्या तरी तो सुटत नाही. आपोआप पोचपावतीची सेटिंग लावली तर ब्रोकरकडून दुबार जाणं थांबेल, पण मग वर्कर मधेच बंद पडला की ऑर्डर कायमची गायब. आंब्याच्या धंद्यात दोन चिठ्ठ्या निस्तरता येतात, न गेलेली पेटी निस्तरता येत नाही. म्हणून पावती हातानेच (काम झाल्यावर वर्करच्या कोडमधून) द्या, आणि दुबार संदेश येणार हे धरूनच वर्कर लिहा.

त्यासाठी संदेशाची ओळख जन्मापासून एकच हवी. वेबसाइटला ब्रोकरकडून 'मिळाला' असं उत्तर आलं नाही की ती पुन्हा पाठवते, आणि ब्रोकरच्या लेखी ते दोन स्वतंत्र संदेश असतात. दर पाठवणीला नवा यादृच्छिक क्रमांक देणं ही इथली नेहमीची चूक. ऑर्डर क्रमांकच वापरा.

डेटाबेसमध्ये 'चिठ्ठी' नावाचा तक्ता करा आणि ऑर्डर क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) लावा. पोस्टग्रेस असेल तर 'इन्सर्ट … ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (ओळ घाल, आधीच असेल तर काही करू नको) ९.५ आवृत्तीपासून आहे. दोन वर्कर एकाच क्षणी आले तरी दुसरा पहिल्याच्या कमिटपर्यंत (नोंद पक्की होईपर्यंत) थांबतो, आणि त्याच्या वाट्याला शून्य ओळी येतात. जिथे सगळं काम डेटाबेसमध्येच संपतं (साठा कमी करणं, बिल नोंदवणं) तिथे ते काम आणि ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, असा गट) घाला, आधी कमिट, मग पोचपावती. ओळ आधीच असेल तर नुसती पावती देऊन मोकळं व्हा.

छपाईला मात्र हे पुरत नाही. प्रिंटर ट्रान्झॅक्शनमध्ये येत नाही. ओळ घातली, कमिट झालं आणि कागद निघायच्या आत लाइट गेली, तर पुढचा वर्कर 'ओळ आहे, म्हणजे झालं' म्हणेल आणि ती पेटी भरलीच जाणार नाही. म्हणून ओळीला स्थिती द्या: 'छापायला घेतली' आणि 'छापली'. पुन्हा आलेल्या संदेशाला 'छापली' दिसली तर सोडून द्या. 'छापायला घेतली' दिसली आणि दोन मिनिटं उलटली असतील, तर आपोआप छापू नका, पडद्यावर दाखवा: 'या क्रमांकाची चिठ्ठी हातात आहे का?' पेटी भरणारा माणूस तिथेच उभा असतो, त्याचं उत्तर कुठल्याही प्रोग्रॅमपेक्षा खात्रीचं. चिठ्ठीवर ऑर्डर क्रमांक ठळक छापा, म्हणजे दुसरा कागद निघालाच तरी ओळखू येतो.

प्रीफेच (पावती येण्याआधी एका वर्करला किती संदेश द्यायचे तो आकडा) १ ठेवा. मर्यादा न घातल्यास मे महिन्याच्या गर्दीत आधी जोडलेला एकच वर्कर साचलेल्या सगळ्या ऑर्डरी ओढून बसू शकतो, उरलेले दोन रिकामे, आणि त्याचं नेट गेलं की तो अख्खा ढीग पुन्हा वाटला जातो. दुसरा खड्डा: नेट परत आल्यावर जुन्या संदेशाची पावती नव्या चॅनलवर (ब्रोकरशी बोलायची वाट) देणं. पावतीचा क्रमांक त्याच चॅनलपुरता असतो, त्यामुळे ४०६ ची चूक येऊन नवा चॅनलही बंद पडतो. जोडणी तुटली की हातातलं सगळं विसरा, तो संदेश फिरून येणारच आहे. सतत फसणाऱ्या संदेशासाठी क्वोरम क्यू (संदेशाच्या फेऱ्या मोजणारा क्यूचा प्रकार) घ्या, फेऱ्यांची मर्यादा ५ ठेवा आणि मृत संदेशांसाठी वेगळी क्यू नक्की जोडा, नाहीतर मर्यादा संपल्यावर तो संदेश टाकून दिला जातो.

उद्या ब्रोकर बदललात तरी हा तक्ता तसाच लागेल. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये (तीही संदेश वाटणारी सेवा) काम झाल्यावर संदेश पुसायचा असतो आणि तोवर तो इतरांपासून लपवणारी दृश्यतेची मुदत असते, मुळात ३० सेकंद. छपाईला ४० लागले की संदेश दुसऱ्याला दिसतो. काफ्कात (हाही तशाच कामाचा) तिघांचा ग्रुप एकच हवा आणि पार्टिशन (रांगेचे भाग) किमान तीन, नाहीतर कुणीतरी बसून राहील.

तपासताना वर्कर नुसता बंद करू नका, तेव्हा जोडणी लगेच तुटते आणि सगळं ठीक दिसतं. कमिट आणि पोचपावती यांच्यामध्ये २० सेकंदांचा थांबा घाला आणि त्या वेळात नेटची केबल उपटा. तीन मिनिटांनी परत लावा. मग हेच कमिट आणि छपाई यांच्यामध्ये करून बघा. दोन्ही वेळा तक्त्यात त्या ऑर्डरची एकच ओळ, आणि टेबलावर एकच कागद किंवा पडद्यावर प्रश्न, एवढं दिसायला हवं.