परवाना काढ, आणि डायरीही ठेव

चि. पोरा,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सांगोल्याला डाळिंबावर ड्रोनने फवारणी करायची, तर आधी प्रशिक्षण, नोंदणी, परवाना. "धंद्याआधीच सरकार आडवं," म्हणतोस. राग समजतो. पण आमच्या सोलापूरच्या पूर्वभागातलं, विणकरांच्या वस्तीतलं एक ऐक.

1985 साली कापडाचे काही वाण फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. पुढे 22 वाण ठरले, त्यात काठाची साडीही होती. ती यंत्रमागावर विणायची नाही. कोर्टकज्जे झाले, 1993 साली सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. तोवर गल्लोगल्ली कर्ज काढून यंत्रमाग बसले होते, आमच्या घरात दोन. तपासणीवाले आले की पोरं ओरडत पळायची, वडील खटका पाडून साडीवर चादर टाकायचे. दिवसभर खडखडणारी गल्ली एका मिनिटात गप्प! यात हातमागवाला वाचला नाही, आणि आम्हीही सुखाने विणलं नाही.

मग सरकारने नियम घेऊन लवकर यावं? तुझ्या ड्रोनचंच बघ. ऑक्टोबर 2014 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, एका नोटिशीने खासगी ड्रोन बंद केले. नियम लागू झाले डिसेंबर 2018 मध्ये. मधली चार वर्षं लग्नांत ड्रोन उडतच होते, चोरून. याला मी आळस म्हणतो. मार्च 2021 चे नियम इतके किचकट निघाले की ऑगस्टमध्ये बदलावे लागले, 25 फॉर्मचे 5 झाले. हे मात्र मला आवडलं. आता 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. तुझा मात्र टाकीभर औषध घेऊन उडणार, आणि खाली बायका खुरपत असणार.

डेव्हिड कॉलिंग्रिज या अभ्यासकाने 1980 साली हाच पेच मांडला होता: तंत्र नवं असताना परिणाम दिसत नाहीत, दिसू लागतात तेव्हा ते मुरलेलं असतं. म्हणून मी म्हणतो, सरकारने लवकर यावं, पण हलक्या हाताने, आणि चुकलं तर पाच महिन्यांत मागे फिरावं.

तू परवाना काढ. पैसे कमी पडले तर कळव. आणि डायरी ठेव: वारा किती होता, किती उंचीवरून मारलं, शेजारच्या बांधावर औषध गेलं का. 2021 चे नियमही आधी मसुदा म्हणून हरकतींसाठी मांडले होते. पुढचा मसुदा येईल तेव्हा ती डायरी धाड. मसुदा लिहिणाऱ्याने तुझी बाग कुठे पाहिलीय?

दिवाळीला डाळिंबं आणशील तेव्हा शेवटची फवारणी कधी केली ते पेटीवर लिहून आण.

तुझा,
काका