कॅलिपरचा रंग टिकवायचा असेल तर सुरुवातीला एवढंच करा

नवी गाडी, लाल कॅलिपर (चाकाआडून दिसणारा, ब्रेक दाबणारा भाग), आणि ते तपकिरी पडतील ही धास्ती! धास्ती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे.

रंग बिघडतो तो दोन कारणांनी: उष्णता आणि ब्रेकची धूळ. त्या धुळीत डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि पॅडमधून (कॅलिपर तिच्यावर दाबतो ती घर्षणपट्टी) झिजलेले लोखंडाचे बारीक कण असतात. ते गरम असतानाच रंगावर बसतात, ओल लागली की गंजतात आणि डाग धरतात. म्हणून धूळ साचू न देणं हेच निम्मं काम.

- दर धुण्याला कॅलिपरही धुवा. पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे.
- ब्रेक पूर्ण थंड झाल्यावरच पाणी मारा. नवखे इथेच चुकतात. तापलेल्या डिस्कवर गार पाणी म्हणजे डिस्कचंही नुकसान.
- अ‍ॅसिडवाले व्हील क्लीनर नकोत, कितीही झटपट चमकवोत.
- डाग दिसू लागले तर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा क्लीनर) वापरा. तो जांभळा होतो, घाबरू नका. वाळू न देता धुऊन टाका.

रेस ट्रॅकवर गेलात तर शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न दाबता, हळू मारा. उष्णतेने पिवळा पडलेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धुऊन परत येत नाही, रंगवावाच लागतो.

सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टिकाऊ संरक्षक लेप), कमी धुळीचे पॅड वगैरे नंतर बघू. तोवर मेण किंवा पॉलिशचा थेंबही डिस्कवर आणि पॅडवर जाऊ देऊ नका. ब्रेक नीट लागणार नाहीत.