थायलंडचं मेंबरशिप कार्ड घेतलं की तिथे कायमचं राहता येतं का?

जळगावचे निवृत्त दांपत्य विचारतंय म्हणून स्पष्टच सांगतो: कायमचं नाही. 2003 साली 'थायलंड एलिट' नावाने सुरू झालेली ही योजना 2023 पासून 'थायलंड प्रिव्हिलेज' झाली. गोल्ड कार्ड 9 लाख बाटचं, मुदत 5 वर्षं. प्लॅटिनम 15 लाख बाट, 10 वर्षं. एक बाट दोन रुपयांच्या वर आहे, त्यामुळे आकडा वाचून लगेच हुरळून जाऊ नका! हे पैसे म्हणजे ठेव नव्हे, फी आहे. परत मिळत नाही. कार्डासोबत मिळणारा व्हिसा मुदतभर चालतो, पण दर वेळी आत शिरताना पासपोर्टवर एक वर्षाचाच शिक्का पडतो. सलग राहिलात तर दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. नोकरीची परवानगी यात येत नाही, नागरिकत्व तर लांबच.

माझ्या भुसावळच्या मावसभावाला एजंटाने 'पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळेल' म्हणून गळाला लावलं होतं. केळीच्या पट्टीचे पैसे हातात होते. फॉर्मवर 'व्हिसा' शब्द दिसला म्हणून थांबला. तुमचं वय पन्नाशीपुढे असेल तर आधी रिटायरमेंट व्हिसा बघा, बराच स्वस्त पडतो.