शुद्ध केलेले सांडपाणी भाजीला चालते का?

प्रश्न : नगरपरिषदेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले पाणी आम्ही शेततळ्यात घेतो. नितळ आहे, वासही नाही. त्यावर टोमॅटो, वांगी, कोथिंबीर घ्यावी का?
– एक शेतकरी, जि. सोलापूर

उत्तर : तपासणीत पाणी बसले, तर ठिबकवर वांगी आणि तारेवर बांधलेला टोमॅटो घ्या, फळ मातीला टेकता कामा नये. कोथिंबीर, पालक, मुळा मात्र या पाण्यावर नकोच. केंद्रात कारखान्यांचे पाणी मिसळत असेल, तर कोणतीच भाजी नको. जड धातू अशा केंद्रात पुरते निघत नाहीत.

नितळपणावर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खायच्या पिकांसाठी मर्यादा दिली होती : १०० मिलीलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १००० पर्यंत, आणि लिटरमागे जंताचे अंडे फार तर एक. नमुना केंद्राच्या तोटीवर नव्हे, शेततळ्यात पंपाचा सक्शन पाइप पाणी ओढतो तिथे घ्या. निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे. ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.

जंतांची अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत, ती तळाशी बसवावी लागतात. त्यासाठी पाणी ८ ते १० दिवस स्थिर हवे. म्हणून तळ्याचे दोन भाग करा : एक भरून स्थिर होत असताना दुसऱ्यातले पाणी वापरा. फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या टोकाची झडप) तळाला टेकवू नका, तरंगत्या ड्रमला बांधून दीडेक फूट खाली सोडा. शेवटचे पाणी आणि तोडणी यांत किमान दोन दिवस जाऊ द्या. उन्हात जिवाणू झपाट्याने मरतात. पाणी देणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या.

प्रश्न : याच पाण्यावर ठिबकचे ड्रिपर महिनाभरात चोंदतात. ब्लीचिंग पावडर टाकूनही फरक नाही.

उत्तर : ब्लीचिंग पावडरमधला चुनाच ड्रिपरमध्ये बसतो. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरा : १० टक्क्यांचे १०० मिली, १००० लिटर पाण्याला, म्हणजे १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम). पाण्यातला अमोनिया बरेच क्लोरीन खातो, म्हणून शेवटच्या लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या नळीच्या) टोकाला क्लोरीनच्या पट्टीने तपासा, तिथे ०.५ ते १ पीपीएम उरले पाहिजे. कमी भरले तर मात्रा थोडी वाढवा. ॲसिड कधीही सोबत सोडू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शेवाळासाठी आधी सँड फिल्टर, मग १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर बसवा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोचा (चौ. सेंमी.ला) फरक पडला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा. लॅटरलची टोके उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत धुवा.

प्रश्न : युरिया किती कमी करावा?

उत्तर : आधी नत्र मोजून घ्या. लिटरला ३० मिलिग्रॅम निघाले, तर १००० घनमीटर पाण्यातून ३० किलो नत्र जाते, म्हणजे ६५ किलो युरिया. तेवढा वजा करा. नाहीतर टोमॅटो पानांवरच जातो आणि फळ उशिरा येते.